उरच्या शिपायाची घोंगडी

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या चोवीस सुमेरी भालाईतांचा रंग उतरवला आणि त्यांना पुन्हा उघडेबोडके केले. तीन महिने, रोज रात्री जेवणानंतर दीड-दोन तास दिव्याखाली बसून मी ते रंगवले होते आणि दिसायला ते वाईट नव्हते. उलट घरी येणाऱ्या पाहुण्यांना कपाटातली नेमकी तीच रांग सर्वांत जास्त आवडत असे. दोष एकच होता, पण तो मुळातला होता. त्या सर्वांच्या झग्यांना मी गडद निळा रंग दिला होता, आणि तो निळा मी जिथून उचलला होता तिथे तो कापडाचा रंग नव्हताच.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की हे शिपाई २८ मिलिमीटर उंचीचे, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढे असतात, कथिलाच्या मिश्रधातूत ओतलेले असतात आणि कोऱ्या स्थितीत मिळतात. कानशीने साच्याच्या शिवणी घासायच्या, प्राइमरचा हात द्यायचा आणि मग अॅक्रिलिक रंगांनी कातडी, कापड, धातू, लाकूड असे एकेक उभे करायचे. मराठा किंवा नेपोलियनकालीन सैन्य रंगवणाऱ्यांना निदान चित्रे, गणवेशांची वर्णने, क्वचित प्रत्यक्ष कपडे तरी हाताशी असतात. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरी शिपायाचा अंगरखा आपल्यापर्यंत आलेला नाही. सुमेर म्हणजे आजचा दक्षिण इराक, आणि तिथल्या दमट, खारट मातीत लोकर टिकत नाही. आलेली आहे ती दगडात आणि शिंपल्यात कोरलेली त्याची आकृती, शिवाय थडग्यांतून निघालेली तांब्याची शस्त्रे आणि शिरस्त्राणे. आकार भरपूर मिळतो, रंग जवळपास मिळतच नाही, आणि रंगवणाऱ्याची खरी अडचण तिथेच आहे.

माझी चूक कुठून आली ते सांगतो. पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वतीने उर या सुमेरी नगराच्या जागी उत्खनन केले. तिथल्या राजकीय दफनभूमीतल्या ७७९ क्रमांकाच्या थडग्यात त्यांना जडावकाम केलेली एक लाकडी पेटी मिळाली. 'मिळाली' हे म्हणायचे एवढेच, कारण लाकूड केव्हाच कुजून गेले होते आणि डांबरावर बसवलेले शिंपल्याचे, लाल दगडाचे आणि लाजवर्द या निळ्या मौल्यवान दगडाचे तुकडे मातीत जवळजवळ त्यांच्या मूळ जागी पडलेले होते; वूलींनी त्यांवर मेण ओतून ते तसेच्या तसे उचलले आणि नंतर पेटीचा आकार पुन्हा उभा करण्यात आला. ती काठीवर बसवून मिरवण्याचे निशाण असावे असा त्यांचा तर्क होता, म्हणून तिचे नाव 'स्टँडर्ड ऑफ उर' असे पडले. ती एखाद्या वाद्याची पेटी असावी असेही काही जण मानतात. साधारण अर्धा मीटर लांबीच्या या वस्तूच्या एका बाजूवर युद्ध आहे. खाली चार चाकांचे रथ, मधल्या ओळीत झगे घातलेले भालाईत, वर नागडे कैदी आणि त्यांच्यासमोर उभा असलेला, इतरांपेक्षा इतका उंच राजा की त्याचे डोके चौकटीची पट्टी ओलांडून वर गेले आहे.

या सगळ्या चित्राची पार्श्वभूमी निळीशार आहे. आकृत्या शिंपल्याच्या, म्हणून पांढुरक्या. मोकळी जागा लाजवर्दाची, म्हणून निळी. तो लाजवर्द आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेला होता. जे इतके दुर्मिळ ते राजाच्या पेटीवर मोकळी जागा भरायला वापरले जाते, शिपायाच्या अंगावर चढत नाही, हे मला पहिल्याच दिवशी समजायला हवे होते. पण चित्रे पाहता पाहता डोळ्यांत एकच निळा रंग भरून राहिला आणि तोच कुंचल्यातून खाली उतरला. त्यातही शरमेची गोष्ट ही की मी सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात रंगखात्यात एकोणीस वर्षे काढली आहेत. सूत कोणत्या रंगात किती वेळ बुडवायचे, त्याला खर्च किती येतो आणि कोणता रंग किती धुण्यांनंतर जातो, हा माझ्या पोटापाण्याचा विषय. कोणी गिऱ्हाईक भिंतीचा रंग बघून चादरीचा रंग ठरवू लागले असते तर मी त्याला हसलो असतो.

तर रंग उतरवायचे ठरले. धातूच्या शिपायांवरचा अॅक्रिलिक रंग अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवला की सकाळी जुन्या दातघासणीने सहज निघतो. मी लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी घेतली, चोवीस शिपाई तिच्यात सोडले आणि, सगळेच नव्याने करायचे तर हेही होऊन जाऊ दे, या उत्साहाच्या भरात रथाची चार जनावरेही त्यांच्यामागून टाकली. ती जनावरे मी प्लास्टिकच्या घोड्यांचे कान वाढवून, शेपट्या बदलून, महिनाभर खपून केलेली होती. अॅसिटोनमध्ये पॉलिस्टायरिनचे काय होते हे मला चांगले ठाऊक होते. ठाऊक असूनही बरणीचे झाकण लावताना ते आठवले नाही. सकाळी सौभाग्यवतींनी बरणी उजेडात धरली आणि विचारले, "अहो, ही कसली खळ करून ठेवलीत?" विणकरांच्या गावातली ती उपमा अगदी चपखल होती. बरणीच्या तळाशी करड्या रंगाचा चिकट गोळा होता आणि त्यात माझे भालाईत कंबरेपर्यंत रुतलेले होते. त्यांना त्यातून सोडवायला दोन रविवार गेले.

निळा गेला, पण त्याच्या जागी काय आणायचे हा प्रश्न शिल्लक होता. सुमेर हा लोकरीचा देश होता, याबद्दल शंका नाही. तिथल्या मातीच्या पाट्यांवर मेंढ्यांचे कळप, लोकरीचे वजन, कामगारांना वर्षाकाठी मिळणारी लोकर आणि विणकाम करणाऱ्या बायकांच्या मोठमोठ्या गटांचे हिशेब भरलेले आहेत, आणि त्या हिशेबांत पांढऱ्या लोकरीची आणि काळ्या लोकरीची नोंद वेगवेगळी केलेली असते. मूर्तींवर दिसणारा, लोकरीचे झुबके ओळीने लोंबणारा कमरेचा वेश, ज्याला अभ्यासक 'कौनाकेस' या ग्रीक नावाने ओळखतात, तो मुळात मेंढीच्या कातड्याचा आणि नंतर तसा दिसेल असा विणलेला असावा. साधा शिपाई मात्र उरच्या पेटीवर त्याहून सुटसुटीत वस्त्रात दिसतो: कमरेला गुंडाळलेले, खालच्या काठाला झालर किंवा दशा असलेले वस्त्र आणि खांद्यावरून खाली सोडलेला, समोर उघडा राहणारा लांब झगा. रंग न दिलेली, मेंढीच्या अंगावर होती तशीच लोकर ही अशा शिपायासाठी सर्वांत सरळ कल्पना आहे. आता रंग न दिलेल्या लोकरीचे जाड, अंगावर ताठ उभे राहणारे वस्त्र उन्हात कसे दिसते हे पाहायला मला इराकला जाण्याची गरज नव्हती.

गड्ड्याची जत्रा संपल्यानंतरच्या आठवड्यात मी सांगोल्याच्या बाजूला गेलो. त्या भागात धनगरांचे कळप आहेत आणि घोंगडी विणणारी सणगर मंडळी आता थोडी उरली असली तरी आहेत. ओळखीच्या एका माणसाने ज्यांच्याकडे नेले ते मामा सत्तरीच्या पुढचे होते. त्यांचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्याचा, पाय खाली आणि हात वर चालणारे. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो अंगणात ताणून वाळत घातलेला. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की मला घोंगडी विकत घ्यायची आहेच, पण त्याआधी तिचा रंग नीट बघायचा आहे, कारण मला तो एका बोटाएवढ्या शिपायाच्या अंगावर काढायचा आहे. त्यांना त्यात काही विचित्र वाटलेले दिसले नाही. मी खिशातून काळ्या रंगाची एक चिठ्ठी काढून काळ्या घोंगडीशेजारी धरली तेव्हा मात्र ते हसले.

"काळं म्हंजे काळं नसतंय ओ सर," ते म्हणाले, "उन्हात धरून बघा की जरा."

घोंगडी उन्हात धरली आणि रंगखात्यात एकोणीस वर्षे काढलेल्या माणसाला लोकरीचा काळा पहिल्यांदा दिसला. आतल्या बाजूला, घडीत, तो जवळजवळ काजळासारखा होता. वर, जिथे ऊन थेट पडत होते, तिथे तो गुळाच्या ढेपेच्या तळासारखा तांबूस तपकिरी होता. आणि पृष्ठभागावर उभ्या राहिलेल्या केसांची टोके राखी, काही तर पिवळट होती. मेंढीच्या पाठीवरच्या केसांची टोके उन्हाने भाजून निघतात आणि विणल्यानंतरही तो भाजलेपणा कापडावर राहतो. शिवाय दोन वेगळ्या कळपांची लोकर कातली गेल्याने बाण्यात दर दोन-तीन बोटांवर छटा बदलत होती. रंगवलेल्या सुताच्या चादरीत असा फरक आढळला असता तर आम्ही तो माल परत केला असता.

त्यावरून माझा झग्याचा रंग ठरला आणि तो आजही तोच आहे. तळाला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तांबूस तपकिरी, त्यात एक थेंब काळा. तो वाळल्यावर घड्यांत पातळ काळ्याचा वॉश. मग घड्यांच्या कडांवर नुसता बर्न्ट अंबर. आणि अखेरीस जवळजवळ कोरड्या कुंचल्याने रॉ अंबर आणि पांढऱ्याचे मिश्रण, फक्त खांद्यांवर आणि खालच्या काठावर, कारण ऊन आणि धूळ तिथेच लागते. शुद्ध काळा रंग एवढ्या लहान आकृतीवर भोकासारखा दिसतो, त्यात घडी दिसत नाही, वजन दिसत नाही. चोवीसपैकी चौदा जणांना मी असा काळा दिला, सात जणांना मळकट पांढरा आणि तिघांना करडा. हे प्रमाण माझे आहे, त्याला कोणतीही पाटी आधाराला नाही. कळपात दिसले ते वर आणले एवढेच.

झग्यांवरच्या ठिपक्यांनी मला सर्वांत जास्त दमवले. उरच्या पेटीवर भालाईतांच्या झग्यांवर गोल गोल ठिपके आहेत. ते बिबट्याच्या कातड्याचे ठिपके आहेत असे एक मत आहे. चामड्याच्या किंवा बुरणुसाच्या झग्यावर शिवलेल्या धातूच्या चकत्या आहेत, म्हणजे हे चिलखताचे आदिरूप आहे, असे दुसरे. दोन्ही मतांचे शिपाई रंगवलेले मी पाहिले आहेत आणि बिबट्याचे कातडे पांघरलेली आख्खी पलटण छायाचित्रात फार देखणी दिसते हे मान्य करतो. परंतु बिबट्याचा ठिपका तुटक असतो, पाकळ्यांसारखा असतो, पाठीवर मोठा आणि पायाकडे लहान होत जातो. पेटीवरचे ठिपके साधे, गोल आणि एकमेकांशी बऱ्यापैकी सारखे आहेत. ज्या कारागिराने एवढ्याशा शिंपल्यावर जनावराचे खूर आणि माणसाच्या हनुवटीखालचा शिरस्त्राणाचा पट्टा नीट दाखवला, त्याला कातडे दाखवायचे असते तर त्याने ते दाखवले असते असे माझे मत आहे. शिवाय एका राजाच्या रांगेतल्या प्रत्येक भालाईताला पुरतील इतके बिबटे कोण मारून आणणार? मी चकत्यांच्या बाजूचा आहे. त्या टाचणीच्या डोक्याने उमटवतो: टाचणी रंगात बुडवायची, कागदावर एकदा टेकवून जादा रंग काढायचा आणि मग झग्यावर सरळ दाबून सरळच उचलायची, जरा तिरकी झाली तर चकतीचा थेंब होतो. तपकिरी ठिपका वाळला की त्याच्या वरच्या डाव्या अंगाला तांब्याच्या रंगाचा एक बारीक बिंदू द्यायचा. एका झग्यावर अशा साधारण पंधरा चकत्या होतात. चोवीस झग्यांचा हिशेब वाचकांनी करावा. माझ्या मानेने तो केला आहे.

तांब्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिथेही निळ्यासारखीच एक गफलत नेहमी होते. उरच्या ७८९ क्रमांकाच्या थडग्यात उताराच्या तळाशी सहा शिपाई भाल्यांसह आणि तांब्याच्या शिरस्त्राणांसह पडलेले सापडले. मातीच्या भाराने ती शिरस्त्राणे कवट्यांसकट चपटी झाली होती. त्यांची छायाचित्रे पाहिली की ती हिरवी दिसतात आणि मग हौशी रंगारी शिपायाच्या डोक्यावर हिरवट झाक देतो. ती हिरवाई साडेचार हजार वर्षे जमिनीत राहिल्याची आहे, लढाईच्या दिवशीची नाही. उलट टोकाला जाऊन नव्या नाण्यासारखे लखलखीत, गुलाबी तांबे रंगवणारेही असतात. माझ्या आईच्या घरी तांब्याचा बंब आणि घंगाळ दोन्ही अजून आहेत, आणि चिंच-मीठ लावून घासलेले घंगाळ दिवाळीत किती चमकते आणि देवदिवाळीपर्यंत किती काळवंडते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. रोज घासायला वेळ नसलेल्या माणसाच्या डोक्यावरचे तांबे विटकरी तपकिरी असणार, आणि जिथे हात लागतो, पट्टा घासतो, तेवढीच जागा उजळ असणार. त्यात सोमल मिसळलेले तांबे त्या काळी शस्त्रांसाठी वापरत असत; सोमलाने ते कठीण होते आणि रंगाने जरा फिके पडते. म्हणून भाल्यांच्या पात्यांसाठी मी तांब्याच्या रंगात किंचित चांदी मिसळतो. भाल्यांचे दांडे मात्र स्टीलच्या तारेचे आहेत, कारण शिपायांबरोबर आलेले दांडे बोट लागताच वाकतात.

अधिकाऱ्यासाठी मी वेगळा विचार केला. ७५५ क्रमांकाच्या थडग्यातून, मेस्कलामदुग हे नाव कोरलेल्या वस्तूंसह, एक सोन्या-चांदीच्या मिश्रणाचे शिरस्त्राण निघाले होते. एकाच पत्र्याला ठोकून त्यावर कुरळे केस, कपाळावरची पट्टी, मागचा अंबाडा आणि कान, कानाच्या भोकांसकट, उठवलेले आहेत. कडेने बारीक छिद्रे आहेत, आतले अस्तर शिवण्यासाठी. लगश नगराचा राजा एआन्नातुम याच्या डोक्यावरही, त्याच्या विजयस्तंभावर, तसलेच अंबाड्याचे शिरस्त्राण दिसते. म्हणजे राजा केस बांधत होता तसेच केस धातूत घडवून डोक्यावर घालत होता. माझ्या अधिकाऱ्याला मी ते पिवळ्या फिक्या सोन्यात दिले आहे आणि चोवीस मळकट माणसांत तो एकटा लांबून ओळखू येतो, जे बहुधा त्यालाही हवे असावे.

हा विजयस्तंभ, म्हणजे 'गिधाडांचा स्तंभ', लूव्र संग्रहालयात तुकड्यांच्या रूपात आहे. तो तेल्लो येथे, म्हणजे प्राचीन गिर्सू नगरात, एर्नेस्त द सार्झेक यांच्या उत्खननात सापडला आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे २४५० असा धरतात. त्यामागची कथा कोणाही मराठी शेतकऱ्याला एका वाक्यात समजेल: बांधाचे भांडण. लगश आणि उम्मा या दोन शेजारी नगरांमध्ये 'गुएदिन' नावाच्या सुपीक पट्ट्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद होता. किशच्या मेसिलिम राजाने हद्दीचा दगड रोवून दिला होता, उम्माने तो उखडला, पाट आणि जवाचे देणे यांवरून पुन्हा ठिणगी पडली आणि एआन्नातुमने उम्माला हरवून स्वतःचे दगड रोवले. स्तंभावर त्याच्यामागे जे पायदळ आहे ते उरच्या पेटीवरच्या मोकळ्या रांगेसारखे नाही. पुढे माणसाच्या गळ्यापासून घोट्यापर्यंत येणाऱ्या, गोल फुगवट्यांच्या आयताकृती ढाली एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यांच्या फटींतून आडव्या भाल्यांची पाती एकावर एक बाहेर आलेली; त्या पात्यांच्या ओळींवरून मागे सहा रांगा असाव्यात असे अनुमान केले जाते. माझा गट म्हणूनच चार रुंद आणि सहा खोल असा आहे. आता चाणाक्ष वाचक विचारेल की उरचा ठिपक्यांचा झगा आणि लगशची ढाल एकाच गटात कशी? ती नसायलाच हवी आणि माझ्या पहिल्या मांडणीत ती होती. आता ढालीवाले चार वेगळे केले असून त्यांच्या झग्यांवर चकत्या नाहीत. ढालींना चामड्याचा रंग दिला आहे, कडेला बोरूच्या विणीची एक पट्टी काढली आहे, कारण सीरियातल्या मारी येथे मिळालेल्या एका कोरीव तुकड्यावर धनुर्धराच्या पुढे उंच ढाल धरलेला माणूस आहे आणि ती ढाल बोरूची असावी असे दिसते. दलदलीच्या देशात बोरू फुकट आणि लाकूड महाग, हेही त्याला धरूनच आहे.

जनावरे नव्याने करावी लागली हे एका अर्थी बरेच झाले. पहिली चारही मी घोड्यांपासून केली होती आणि कान कितीही वाढवले तरी त्यांची मान घोड्याचीच राहिली होती. त्या काळच्या सुमेरमध्ये रथाला घोडा नव्हता. पाट्यांमध्ये 'कुंगा' नावाच्या महागड्या जनावराचा उल्लेख येतो आणि ते नेमके कोण याबद्दल बरीच वर्षे तर्क चालू होते. सीरियातल्या उम्म एल-मर्रा येथे पुरलेल्या अशा जनावरांच्या हाडांतील डीएनएचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि उत्तर मिळाले: आई पाळीव गाढवीण आणि बाप सीरियाचे रानगाढव. तो नर रानटी, पकडून आणावा लागणारा, आणि संतती वांझ. म्हणजे प्रत्येक कुंगा नव्याने पैदा करावा लागत असे. सीरियाचे ते रानगाढव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पृथ्वीवरून नाहीसे झाले, पण त्याचे भाऊबंद कच्छच्या छोट्या रणात आहेत आणि काही वर्षांपूर्वी सहलीत मी त्यांचे भरपूर फोटो काढले होते. पाठ वाळूसारखी तांबूस, पोट आणि पायांची आतली बाजू पांढरी, मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा. त्यात गाढवाचा राखी मिसळून मी कुंगाचा रंग सिद्ध केला आहे. लगशच्या एंमेतेना राजाच्या लेखात उम्माच्या पळणाऱ्या राजाने कालव्याच्या काठी रथाला जुंपायच्या जनावरांचे साठ संच टाकून दिल्याचे लिहिले आहे. उरच्या पेटीवर एका रथाला चार जनावरे आहेत, त्या हिशेबाने दोनशे चाळीस होतात, आणि माझी चार अजून पूर्ण झालेली नाहीत.

रथ म्हणजे आपण कल्पनेत पाहतो तसा डौलदार रथ नव्हे. चार चाके, तीही आऱ्यांची नव्हेत तर फळ्या जोडून केलेली भरीव, पुढे उंच फळी, तिला अडकवलेला फेकायच्या भाल्यांचा भाता, एक हाकणारा आणि मागच्या बाजूला उभा एक योद्धा. आपल्याकडे प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला बैलांचा कांस्यरथ ज्यांनी चित्रात तरी पाहिला असेल त्यांना भरीव चाकाचे वजन कसे असते ते सांगावे लागणार नाही. तो रथ सुमेरी नाही आणि त्याचा काळही वादाचा आहे. चाक रंगवताना फळीच्या रेषा कोणत्या दिशेने जातात हे पाहायला मात्र त्याचा मला उपयोग झाला नाही, कारण ते चाक ओतीव आहे. उपयोग झाला तो लाकडाच्या वखारीतल्या जुन्या मापट्याच्या झाकणाचा.

पायाखालची जमीन मी पटकन उरकणार होतो, पण तिथेही सवयीने चूक होता होता राहिली. कुंचला आपोआप सोलापूरच्या काळ्या मातीकडे गेला. सुमेरची जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची, फिकी, आणि शतकानुशतके पाटाचे पाणी पाजल्याने वर मीठ आलेली. आमच्या जिल्ह्यात उसाला अतोनात पाणी देऊन ज्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत त्यांच्यावर उन्हाळ्यात जो पांढरा पापुद्रा धरतो, तोच इथे चालला. फिक्या करड्या मातीवर खडूची पूड बोटाच्या चिमटीने टाकली आणि जवाच्या खुंटासाठी जुन्या काथ्याच्या ब्रशचे केस कापून लावले. जव सुमेरचे मुख्य धान्य होते, आणि खारट जमीन गव्हापेक्षा जवाला अधिक मानवते.

हे सगळे दुसऱ्यांदा रंगवण्याचे काम नेमके चैत्र-वैशाखात आले. पारा बेचाळीसवर असताना अॅक्रिलिक रंग बशीत घेतल्यापासून दोन मिनिटांत साय धरतो, आणि पंखा लावावा तर एका मिनिटात. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्या कागदावर रंग, असा उपाय मी करतो. डबा झाकून माठाशेजारी ठेवला तर तोच रंग दुसऱ्या रात्रीही चालतो. डबा आमच्या घरी एकच जास्तीचा आहे, आणि तो कोणाचा याबद्दल घरात मतभेद आहेत.

आता उरले आहेत ते लगाम. उरच्या पेटीवर कुंगांच्या तोंडात कडियाळे नाही. दोर नाकातल्या किंवा वरच्या ओठातल्या कडीला बांधलेले आहेत, म्हणजे सरळ आपली वेसण. तिथून ते दोर जुवावर बसवलेल्या दुहेरी कडीतून हाकणाऱ्याच्या हातात जातात. उरच्याच पुआबी राणीच्या थडग्यात अशी एक चांदीची कडी मिळाली, जिच्या माथ्यावर एक छोटेसे जनावर उभे आहे. माझ्या रथावर ती कडी मोहरीएवढी आहे आणि वरचे जनावर मी सुईने एक पिवळा बिंदू देऊन भागवले आहे. दोरासाठी तांब्याची तार घेऊन पाहिली, पण ती ताठ राहते आणि जनावर विजेच्या खांबाला बांधल्यासारखे दिसते. मग कारखान्यातून आणलेल्या एका चादरीची दशी सोडवली, चार पदरांतला एक पदर वेगळा केला. जाडी जमली, पण त्यावरची सुताची लव या मापात दोराला केस फुटल्यासारखी दिसू लागली. तेव्हा सांगोल्याच्या मामांच्या अंगणातला ताणा आठवला. मूठभर चिंचोके भाजले, सोलले, रात्रभर भिजवले, वाटून शिजवले आणि ती खळ दोन बोटांत घेऊन धागा तिच्यातून तीनदा ओढला. लव बसली. आठ तुकडे सध्या देवघराच्या खुंटीला, खाली एकेक टाचणी बांधून, सरळ वाळत टांगलेले आहेत, आणि वाऱ्याने हलू नयेत म्हणून आज रात्री पंखा बंद आहे.